वाचक विचारतात: आबांची सही चालते तोवर

आबा ७१ वर्षांचे आहेत. जळगावच्या डॉक्टरांनी सुरुवातीच्या टप्प्यातला स्मृतिभ्रंश सांगितला. रावेर तालुक्यात केळीची बागायत आहे, बँकेत ठेवी आहेत. भाऊ म्हणतो, आबांकडून आत्ताच कुलमुखत्यारपत्र करून घेऊ, म्हणजे पुढची काळजी मिटली. हे बरोबर आहे का?
– एक मुलगी, रावेर

नाही. नेमकी इथेच बहुतेक घरांची फसगत होते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ प्रमाणे मुखत्यारपत्र देणारा माणूस विचार करण्याच्या स्थितीत राहिला नाही की मुखत्याराचा अधिकार संपतो. म्हणजे आज हा कागद चालेल आणि खरी गरज लागेल तेव्हा बाद होईल. त्यानंतर भावाने त्या कागदावर केलेल्या व्यवहाराला उद्या कोणीही कोर्टात आव्हान देऊ शकतो. काही देशांत असं पत्र पुढेही चालू राहतं, आपल्याकडे नाही.

निदान झालं म्हणून आबांची सही आजच बाद होत नाही, हेही लक्षात घ्या. आपली मालमत्ता कोणती, वारस कोण, आपण कशावर सही करतो आहोत, हे त्यांना कळत असेल तर ते मृत्युपत्र करू शकतात. त्याला मुद्रांक शुल्क नाही आणि नोंदणीची सक्तीही नाही, पण तुमच्यासारख्या घरात दुय्यम निबंधकाकडे नोंदणी कराच. दोन साक्षीदार लागतात. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीला घेऊ नका. त्याच दिवशी डॉक्टरांचा दाखला घ्या. ‘प्रकृती ठीक आहे’ एवढंच लिहिलेला दाखला वादात टिकत नाही. मालमत्ता, वारस आणि कागदाचा अर्थ याविषयी काय विचारलं आणि आबांनी काय उत्तर दिलं, ते त्यात यायला हवं.

बँकेचं बचत खातं ‘एकतर किंवा हयात’ पद्धतीने, म्हणजे दोघांपैकी कोणाही एकाच्या सहीने चालेल असं, आईच्या किंवा मुलाच्या नावासह संयुक्त करा. मुदत ठेवींत एक खोच आहे: दोघंही हयात असताना मुदतीआधी ठेव मोडायची तर बँका सहसा दोघांच्याही सह्या मागतात. म्हणून एक मोठी ठेव ठेवण्यापेक्षा लहान लहान ठेवी करा, दर काही महिन्यांनी एक पिकेल आणि रक्कम संयुक्त खात्यात येईल अशा. नामनिर्देशन केलं म्हणजे वारसा ठरला असं नाही. ते फक्त रक्कम कोणाच्या हाती द्यायची ते सांगतं. आबांच्या हातखर्चाला वेगळं छोटं खातं ठेवा आणि मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सोय त्याच खात्याला जोडा. विकास सोसायटीत कोणाच्या कर्जाला जामीन राहणं मात्र आजपासून बंद. आबांनी तसं स्वतः सचिवांना सांगितलं तर उत्तम.

जमीन लगेच मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करून टाकायची घाई नको. करायचीच असेल तर ‘सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे शब्द दस्तात हवेत. ज्येष्ठ नागरिक कायदा, २००७ चं कलम २३ त्या अटीवर उभं आहे. सांभाळ झाला नाही तर प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणाकडून दस्त रद्द करून मागता येतो.

आणि एक, ब-१२, थायरॉईड, सोडियम या तपासण्या झाल्या आहेत ना? झोपेच्या काही गोळ्या आणि नैराश्यही विसराळूपणा वाढवतात. हे सगळं पाहिलं नसेल तर आधी ते.

माय ६८ वर्षांची आहे, तिलाही स्मृतिभ्रंश आहे. पुढचं काही विचारलं की रडते, नाहीतर ‘मले काय झालं’ म्हणून उठून जाते. तिच्याशी बोलायचं कसं?
– एक सून, अमळनेर

सगळ्यांनी मिळून बैठक बसवू नका. सकाळी चहानंतर, चष्मा आणि कानाचं यंत्र लावून, एकाच माणसाने बोलावं. संध्याकाळी गोंधळ वाढतो. घरात अहिराणी बोलत असाल तर अहिराणीतच विचारा. वकिलाच्या मराठीत विचारलेल्या प्रश्नाला ती ‘हो’ म्हणेल आणि तुम्हाला काहीच कळणार नाही.

‘आठवतं का?’ हा प्रश्न टाळा, ती परीक्षा होते. ‘माय, तुले काय वाटस?’ असं विचारा, एका वेळी एकच गोष्ट, दोन पर्याय देऊन. अंघोळ सुनेने घातलेली चालेल की बाई ठेवायची? रात्री दिवा चालू हवा की बंद? पुढे कळण्याची भाकरी चावता आली नाही तर काय आवडेल? श्रावणात कानबाईचे रोट कोणी करायचे आणि कसे, हे विचारलं की ती बहुधा स्वतःहून बोलू लागेल आणि तिथून वाट निघेल.

तिने सांगितलं ते तिच्याच शब्दांत वहीत लिहा, तारीख घाला. आठ दिवसांनी तेच पुन्हा विचारा. दोन्ही वेळी उत्तर एक असेल तर ती तिची पक्की इच्छा धरा. वेगळं आलं तर दोन्ही राहू द्या, खोडू नका.

मुलांमध्ये महिन्या-महिन्याची वाटणी, एक महिना सुरत, एक महिना पुणे, ही मात्र करू नका. दर वेळी संडास कुठे, खाट कुठे हे नव्याने शिकणं तिच्या मेंदूला जमत नाही. रात्रीची पडापड त्यातूनच होते. तिने एका घरी राहावं, मुलांनी तिथे पाळीने यावं.

नळीने अन्न, कृत्रिम श्वास हे शेवटी नको, असं वडील आत्ताच म्हणतात. हे कायद्याने लिहून ठेवता येतं का? आणि उशीर झाला तर पालक म्हणून नेमणूक जिल्हाधिकारी करतात का?
– एक वाचक, धुळे

येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे सही. पुढे निर्णय कोण घेणार त्यांची नावं लिहा, एकच नको. एक प्रत नेहमीच्या डॉक्टरांकडे, एक नाव दिलेल्यांकडे, एक महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. बरं होण्याची आशा नसलेल्या आजारात हा कागद वापरला जातो, तोही डॉक्टरांच्या मंडळांनी तपासून. याशिवाय मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ प्रमाणे साध्या कागदावर सही करून वडील मानसिक आजाराच्या उपचारांसाठी आपला प्रतिनिधीही नेमू शकतात.

नळीविषयी: खूप पुढच्या टप्प्यातल्या स्मृतिभ्रंशात नळीने आयुष्य वाढतं किंवा छातीत अन्न जाणं थांबतं असं दिसलेलं नाही. ताठ बसवून, चमच्याने, थोडं थोडं भरवणं आणि नंतर अर्धा तास बसतं ठेवणं हेच चांगलं. पाण्याने ठसका लागत असेल तर दाटसर पेज सहसा सोपी जाते.

पालकत्वाबद्दल: राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून नेमले जाणारे पालक स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व, बहुविकलांगता यांसाठी असतात. स्मृतिभ्रंश त्यात नाही. आपल्याला उच्च न्यायालयात, म्हणजे छत्रपती संभाजीनगर खंडपीठात, अर्ज करावा लागतो. वेळ आणि खर्च दोन्ही जातात.

स्मृतिभ्रंश असूनही आप्पा अजून मळ्यात जातात. अडवावं का?
– एक वाचक, चोपडा

आज नको. फवारणीची औषधं कुलपात, विहिरीला जाळी, मोटारीच्या स्टार्टरची पेटी कुलूपबंद, खिशात नाव आणि दोन फोन नंबर. मे महिन्यात अकरानंतर नाही, आणि तहान लागली का हे न विचारता दर तासाला पाणी हातात द्या. ट्रॅक्टरची किल्ली कोणाला आणि कधी द्यायची, हे मात्र त्यांनाच आज विचारून वहीत लिहून ठेवा. अडचण पडली तर ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७, मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६.