अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचा असिस्टंट कोच होणं, हे करिअर म्हणून कसं आहे?

तुमचा भाचा न्यू जर्सीत वाढला, शाळेच्या टीममध्ये फुटबॉल खेळला, आता कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि पदवीनंतर कॉलेज फुटबॉलमध्ये कोचिंग करायचं म्हणतोय. घरच्यांनी धसका घेतलाय आणि तुम्ही विचारताय की यात पोट भरतं का, पुढे काय होतं.

मी चौदा वर्षं इथल्या दक्षिणेकडच्या एका विद्यापीठात खेळाडूंना संख्याशास्त्र शिकवते. सरावात त्यांचा अभ्यास मागे पडू नये म्हणून विद्यापीठानेच ठेवलेली ही शिकवणी. माझी खोली फुटबॉलच्याच इमारतीत आहे. शिवाय पाच वर्षं आमच्या शेजारी एका असिस्टंट कोचचं बिऱ्हाड होतं. मी स्वतः कोच नाही, पण ही माणसं मी सकाळी सहालाही पाहिली आहेत आणि रात्री बारालाही.

इतर वाचकांसाठी सांगते: हा लंबगोल चेंडूचा, हेल्मेट घालून खेळायचा फुटबॉल. अगदी वरच्या गटात 2025च्या हंगामात 136 विद्यापीठांच्या टीम होत्या. मिशिगनच्या मैदानात एक लाख सात हजारांवर माणसं बसतात, आणि ती कॉलेजच्या पोरांचा खेळ बघायला येतात. एका टीममध्ये शंभराच्या आसपास खेळाडू. एकटा हेड कोच एवढ्यांना शिकवूच शकत नाही. म्हणून क्वार्टरबॅकना (चाल सुरू करून चेंडू फेकणाऱ्यांना) शिकवणारा वेगळा, ऑफेन्सिव्ह लाइनला (त्यांच्यापुढे उभं राहून समोरच्यांना अडवणाऱ्या रांगेला) शिकवणारा वेगळा, आणि त्यांच्यावर आक्रमणाचा एक आणि बचावाचा एक कोऑर्डिनेटर. पूर्वी नऊ असिस्टंट असत, 2018 पासून दहा झाले. 2024 मध्ये एनसीएएने, म्हणजे कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या संघटनेने, नियम आणखी सैल केला, त्यामुळे आता मैदानावर इतर कर्मचारीही शिकवू शकतात. भाच्यासाठी ही चांगली गोष्ट आहे, कारण पूर्वी ‘ॲनालिस्ट’ म्हणून नेमलेल्या तरुणाला मैदानावर तोंड उघडायची परवानगी नव्हती.

सुरुवात बहुतेकांची ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून होते. एकीकडे मास्टर्स करायचं, दुसरीकडे टीमचं काम. फी माफ होते आणि वर जेमतेम भागेल एवढं मानधन मिळतं. काम काय असतं ते सांगते. पुढच्या शनिवारी ज्या टीमशी सामना आहे तिचे मागचे सामने घ्यायचे आणि एकेक चाल तोडून नोंद करायची: कितवा प्रयत्न होता, पुढे सरकायला किती यार्ड हवे होते, कोण कुठे उभा होता, चेंडू कोणत्या बाजूला गेला. मग त्या चाली जाड कार्डांवर मार्करने काढायच्या. सरावात आपल्याच टीममधली राखीव पोरं प्रतिस्पर्धी बनतात. ती कार्डं त्यांच्यासमोर उंच धरायची, दहा-बारा सेकंदांत त्यांना कळलं पाहिजे की कोणी कुठे धावायचं. माझ्या खोलीसमोरच्या हॉलमध्ये एक मुलगा रोज रात्री ही कार्डं काढत बसायचा. बोटं कायम लाल-निळी. एकदा त्याने एका कार्डावर बाण चुकीच्या बाजूला काढला आणि दुसऱ्या दिवशी सरावात दोन पोरं एकमेकांवर धडकली. त्या रात्री तो सगळा गठ्ठा पुन्हा तपासत बसला होता, आणि पुढे हंगामभर एकही कार्ड दोनदा बघितल्याशिवाय त्याच्या हातून गेलं नाही. आज तो एका छोट्या कॉलेजात शिकवतो. माझ्या मते त्याचं खरं शिक्षण त्या हॉलमध्येच झालं.

हंगामात आठवडा असा जातो. रविवारी कालच्या सामन्याची चिरफाड आणि पुढच्याची आखणी. मंगळवार-बुधवार कसून सराव. शुक्रवारी प्रवास, नाहीतर एखाद्या शाळेचा सामना बघायला पळायचं. शनिवारी सामना. खेळाडूंना आठवड्याला वीस तासांची मर्यादा आहे. कोचना कसलीच नाही.

आणि हंगाम संपला म्हणजे सुटका झाली असंही नाही, कारण निम्मी नोकरी भरतीची आहे. शाळेतल्या चांगल्या खेळाडूला आपल्याकडे यायला राजी करायचं: त्याच्या घरी जायचं, आईशी बोलायचं, आजीच्या हातचं जेवायचं, फोन, मेसेज, पुन्हा फोन. 2018 मध्ये ट्रान्स्फर पोर्टल (विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी) आल्यापासून तर आपल्याकडे आलेला मुलगा टिकवणं हेही एक वेगळं काम होऊन बसलंय. तुमच्या भाच्याला अनोळखी माणसांशी बोलायचा कंटाळा असेल, तर खेळाची कितीही समज असली तरी त्याने इकडे येऊ नये असं मी सरळ सांगेन.

आता शेजाऱ्यांचं सांगते, कारण घरच्यांना कळायला हवं ते यात आहे. तो लाइनबॅकर्सना, म्हणजे बचावाच्या दुसऱ्या फळीला, शिकवायचा, आणि फार छान शिकवायचा. माझ्या वर्गात गप्प बसणारी पोरं त्याच्यापुढे घडाघडा उत्तरं द्यायची. एकदा त्याच्या बायकोबरोबर गॅरेजमध्ये गेले, तर पाण्याच्या हीटरमागे पुठ्ठ्याची खोकी घडी करून नीट रचलेली. म्हटलं, एवढी जागा अडलीये, रद्दीत का नाही टाकत? ती म्हणाली, “लागतात.” खोक्यांवर एकाखाली एक तीन गावांची नावं होती, मागची दोन खोडलेली. भिंतींवर चित्रं मात्र एकही टांगलेलं नव्हतं, सगळी जमिनीवर टेकून उभी.

पाचव्या वर्षी टीम सपाटून हरली. नोव्हेंबरच्या शेवटी, शनिवारचा सामना झाला आणि रविवारी दुपारी हेड कोचना काढल्याची बातमी आली. शेजाऱ्याच्या पोरांनी तर उत्तम खेळ केला होता, पण त्याला कोण विचारतो? नवा हेड कोच आपली माणसं घेऊन येतो, ही इथली रीतच आहे. मी वरण-भात आणि बटाट्याची भाजी घेऊन गेले तेव्हा मुलगी, अकरा वर्षांची, जेवणाच्या टेबलाशी ती खोकी उघडून चिकटपट्टी लावत होती. तिला कोणी सांगितलं नव्हतं. ती पाचव्या शाळेत जाणार होती.

हा धोका या पेशाच्या मुळाशीच आहे. नोकरी तुमच्या कामावर मिळते, पण ती टिकते दुसऱ्याच्या निकालावर. 2023 मध्ये टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने हेड कोच जिंबो फिशर यांना काढलं तेव्हा करारापोटी त्यांना साडेसात कोटी डॉलरहून जास्त देणं लागत होतं. असिस्टंटचे करार बहुधा एक-दोन वर्षांचे असतात, त्यांच्या पाठीशी असलं काही नसतं.

काढल्यानंतर माणूस संपतो असं मात्र नाही. डॅबो स्विनी अलाबामा विद्यापीठात रिसीव्हर्सना (फेकलेला चेंडू झेलणाऱ्यांना) शिकवायचे. 2000 मध्ये टीम आठ सामने हरली, सगळ्यांना जावं लागलं, त्यात तेही गेले. दोन वर्षं त्यांनी अलाबामातल्याच बर्मिंगहॅममध्ये शॉपिंग सेंटरच्या जागा भाड्याने देण्याची नोकरी केली. 2003 मध्ये क्लेम्सन विद्यापीठाने असिस्टंट म्हणून घेतलं, 2008च्या ऑक्टोबरमध्ये हेड कोचनी मध्येच पद सोडलं आणि जबाबदारी यांच्यावर आली. पुढे त्यांनी दोन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली, जानेवारी 2017 आणि जानेवारी 2019 मध्ये, आणि दोन्ही वेळा अंतिम सामन्यात समोर अलाबामाच होतं.

आणि मला मनापासून आवडणारं उदाहरण बड फॉस्टर यांचं. मरे स्टेट विद्यापीठात ते हेड कोच फ्रँक बीमर यांच्या हाताखाली तयार झाले, 1987 मध्ये त्यांच्याबरोबर व्हर्जिनिया टेक विद्यापीठात आले आणि 2019 पर्यंत, तेहतीस हंगाम, तिथेच राहिले. बीमर 2015 नंतर निवृत्त झाले, नव्या कोचनीही यांना ठेवून घेतलं. हेड कोच ते तिथे कधीच झाले नाहीत. त्यांच्या बचावफळीची खूण होती एक पोचे आलेला पत्र्याचा डबा, कामगार नेतात तसा. तो सामन्याला घेऊन जायचा मान मिळवण्यासाठी पोरं जीव टाकायची. 2006 मध्ये त्यांना ब्रॉयल्स पुरस्कार मिळाला. 1996 पासून देशातल्या सर्वोत्तम असिस्टंट कोचला देतात तो. असिस्टंट म्हणजे अर्धवट राहिलेला हेड कोच, हे मला पटत नाही ते अशा माणसांमुळे.

पगाराचं म्हणाल तर तफावत प्रचंड आहे. छोट्या कॉलेजात शाळामास्तरासारखा पगार असतो, मोठ्या कॉन्फरन्समध्ये (आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटात) लाखो डॉलर. 2018 मध्ये लुइझियाना स्टेटने डेव्ह अरांडा या बचाव कोऑर्डिनेटरला वर्षाला पंचवीस लाख डॉलर दिले. पण भाच्याने हा आकडा डोळ्यांपुढे ठेवू नये, तिथे पोचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. सरकारी विद्यापीठांचे करार जाहीर असतात, ते त्याने स्वतः वाचावेत आणि पगाराआधी ‘काढल्यास काय’ हे कलम बघावं.

आत्ता काय करावं? तो अजून विद्यार्थी आहे, तेव्हा स्वतःच्याच विद्यापीठाच्या फुटबॉल ऑफिसात स्टुडंट असिस्टंट म्हणून जावं. चेंडू उचलायचं काम दिलं तरी घ्यावं. उन्हाळ्यात जुन्या शाळेच्या कोचकडे मदतीला उभं राहावं. एक हंगाम असा काढला की त्याचं त्यालाच कळेल, आणि तुमच्या बहिणीलाही. दर जानेवारीला फुटबॉल कोचेसच्या संघटनेचं अधिवेशन भरतं, निम्म्या नोकऱ्या तिथल्या लॉबीत बोलता बोलता ठरतात, तिथेही जाऊन यावं. आणि नोकरी निवडताना विद्यापीठाचं नाव बघण्याआधी तो हेड कोच आपल्या जुन्या असिस्टंटना बरोबर नेतो का, हे विचारावं.

आमच्या शेजाऱ्याला मार्चमध्ये दुसऱ्या राज्यात काम मिळालं, पगार थोडा कमी, पण लाइनबॅकर्सच. गेल्या दिवाळीत त्याच्या बायकोने फोटो पाठवला: नव्या घराच्या भिंतीवर दोन चित्रं टांगलेली होती.