तापमान १०० अंश, पण वॅट किती?

प्रश्न : माझ्या डेस्कटॉपमध्ये इंटेलचा कोअर आय-७ १२७०० प्रोसेसर आहे. कूलर त्याच्यासोबत खोक्यात आला होता तोच. मी घरून व्हिडिओ एडिटिंगची कामं घेतो. धूळ फार साठली म्हणून मध्यंतरी कूलर काढून साफ केला आणि नवी थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारा लेप) लावून परत बसवला. तेव्हापासून एक्स्पोर्ट सुरू केलं की बघता बघता तापमान १०० वर जातं, पंखा बोंबलायला लागतो आणि काम रखडतं. पुन्हा एकदा पेस्ट बदलून पाहिली, फरक नाही. एक दुरुस्तीवाले म्हणाले, प्रोसेसर गेला. दुसरे म्हणाले, लिक्विड (पाणी फिरवून थंड करणारा) कूलर घ्या. कोणाचं ऐकू? तापमान आणि वॅट दाखवणाऱ्या एचडब्ल्यूइन्फो सॉफ्टवेअरचा स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे.

उत्तर : तूर्तास कोणाचंच ऐकू नका आणि खिशात हात घालू नका. गेलेला प्रोसेसर रखडत का होईना, पण एक्स्पोर्ट पूर्ण करत नाही. १०० अंश ही या प्रोसेसरची ठरलेली कमाल मर्यादा आहे. तिथे पोचला की तो स्वतःच वेग कमी करून जीव वाचवतो. तुमचा नेमकं तेच करतोय, म्हणजे तो शुद्धीवर आहे.

स्क्रीनशॉटमध्ये तुम्ही १०० या आकड्याभोवती लाल गोल काढून पाठवलाय. मी मात्र खाली सरकत 'सीपीयू पॅकेज पॉवर' या ओळीपाशी थांबले. तिथे ५८ वॅट दिसतात. तापलेल्या प्रोसेसरची तक्रार आली की मी सगळ्यात आधी हाच आकडा मागते. तापमान एकट्याने काहीच सांगत नाही. १५० वॅट ओढणारा प्रोसेसर या छोट्या कूलरखाली १०० वर गेला तर त्यात नवल नाही. पण १२७०० ची मूळ पॉवरच ६५ वॅट आहे, आणि तेवढी उष्णता हा कूलर आरामात काढतो. तुमच्याकडे १०० ला टेकल्यावर प्रोसेसर वेग उतरवत उतरवत ५८ वॅटवर येऊन थांबलाय. म्हणजे याहून जास्त उष्णता वर कूलरपर्यंत पोचतच नाहीये.

दुसरी खूण तुमच्याच पत्रात आहे : 'बघता बघता'. कॅबिनेटमध्ये हवा खेळत नसेल किंवा हीटसिंकच्या (कूलरच्या धातूच्या भागाच्या) पात्यांत धूळ अडकली असेल, तर तापमान हळूहळू, मिनिटामिनिटाने चढतं, आणि बाजूचं झाकण काढलं की चांगलंच उतरतं. सुरू करताच दोन-चार सेकंदांत उडी मारून कमाल गाठत असेल, तर प्रोसेसरची पाठ आणि कूलरचा तळ एकमेकांना नीट टेकलेले नाहीत. अशा वेळी पेस्ट कितीही चांगल्या कंपनीची लावा, उपयोग शून्य.

आता संशय कुठे घ्यायचा? या कूलरच्या चार पायांवर. प्रत्येक पायाच्या डोक्यावर खाच आणि बाण आहे. कूलर काढताना ती डोकी बाणाच्या दिशेने पाव वळसा फिरवून वर ओढावी लागतात, ते तुम्ही केलंच असणार. बसवताना मात्र ती आधी उलट फिरवून मूळ जागी आणायची असतात, आणि इथेच बहुतेक जण फसतात. डोकं फिरवलेल्याच अवस्थेत दाबलं तर पाय खाली गेल्यासारखा वाटतो, पण अडकत नाही. थोड्या वेळाने कूलर त्या कोपऱ्यात हलकेच उचलला जातो. बाहेरून बघणाऱ्याला सगळं ठाकठीक दिसतं.

संगणक बंद करा, वायर काढा, आणि कूलरचा एकेक कोपरा दोन बोटांनी हलवून बघा. एखादा जरी डुगडुगला तरी चोर सापडला. मग कूलर पुन्हा काढा, पण पेस्ट लगेच पुसू नका. आधी तिचा ठसा वाचा. नीट बसलेल्या कूलरखाली पेस्ट सगळीकडे पातळ, सारखी पसरलेली असते. तुमच्याकडे बहुधा एका बाजूला ती जवळजवळ निघून गेलेली आणि समोरच्या कोपऱ्यात जाड, लावली तशीच चकचकीत राहिलेली दिसेल. कोणता पाय सुटला होता हे तो जाड कोपराच सांगेल.

दोन्ही पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि मधोमध वाटाण्याएवढी पेस्ट ठेवा. चारही डोकी मूळ जागी फिरवा, वर ओढा, मग समोरासमोरची जोडी आधी दाबा आणि नंतर उरलेली. प्रत्येक पायाला 'कट्' असा आवाज यायलाच हवा. मदरबोर्ड थोडा वाकतो आणि पोटात गोळा येतो, ते मला माहीत आहे. जमत असेल तर बोर्ड कॅबिनेटबाहेर काढूनच हे काम करा, कारण मागची बाजू बघता येते. फाकणाऱ्या प्लास्टिकच्या पायाच्या मधोमध काळी खुंटी पूर्ण बाहेर आलेली दिसली, तरच तो पाय अडकला असं समजा. एखादा पाय तुटलेला निघाला तर त्याला गोंद-बिंद लावत बसू नका, कूलर बदला. पंख्याची वायर 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या पिनांवर आहे ना आणि ती पात्यांना घासत नाही ना, तेही जाता जाता बघून घ्या.

(एएमडी या दुसऱ्या कंपनीचा प्रोसेसर एएम-४ सॉकेटमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरच्या प्रोसेसरच्या खाचेत, बसवलेल्यांनी कूलर असा सरळ वर ओढू नये. पेस्ट वाळलेली असेल तर प्रोसेसरच त्याला चिकटून सॉकेटबाहेर येतो आणि पिना वाकतात. आधी संगणक थोडा वेळ चालवून गरम करायचा, मग बंद करून कूलर डावी-उजवीकडे फिरवत सोडवायचा.)

पाय नीट बसल्यावर एक्स्पोर्ट करताना पुन्हा १०० दिसलेच, तर घाबरण्याआधी वॅट बघा. या प्रोसेसरला टर्बोमध्ये, म्हणजे वेग वाढवून चालताना, १८० वॅटपर्यंत मुभा आहे आणि बरेच मदरबोर्ड ती वेळेची मर्यादा न घालता देऊन टाकतात. त्या भाराला हा कूलर पुरणार नाही, त्यात दोष कोणाचाच नाही. बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) दीर्घकालीन आणि अल्पकालीन अशा दोन्ही पॉवर लिमिट ६५ करून एकदा चालवा. आता तापमान १०० च्या बरंच खाली राहिलं तर तुमची दुरुस्ती झाली. मग मर्यादा थोडी थोडी वाढवत आवाज आणि वेग यांचा मेळ बसेल तिथे थांबा. एक्स्पोर्टवरच पोट असेल आणि पूर्ण वेग हवाच असेल, तर जाड हीटपाइपांचा उभा टॉवर कूलर घ्या. लिक्विडची गरज मला तरी दिसत नाही. घेताना तुमच्या सॉकेटचं, म्हणजे एलजीए १७०० चं, ब्रॅकेट सोबत आहे याची खात्री करा. या सॉकेटची भोकं ७८ मिलिमीटर अंतरावर आहेत, आधीच्या १२०० सॉकेटची ७५ वर होती. जुनं ब्रॅकेट ओढूनताणून बसवलं तर पुन्हा तेच दुखणं.

प्रश्न : एएमडीचा रायझन ७ ७७००एक्स प्रोसेसर घेतला. कूलर मोठा आहे, तरी रेंडर करताना ९५ अंश. कूलर परत करावा का?

उत्तर : नको. ७००० मालिकेतले एक्स प्रोसेसर जड कामात ९५ अंशांपर्यंत जातील असेच बनवले आहेत. वाव मिळेल तोवर ते वेग वाढवत राहतात, त्यामुळे कूलर सुधारला की आधी वेग वाढतो, आकडा बऱ्याचदा तिथेच राहतो. खुपतच असेल तर बायोसमध्ये ६५ वॅटचा इको मोड लावा. प्रोसेसरला मिळणारी पॉवर १४२ वरून ८८ वॅटवर येते, वेग मात्र त्या मानाने थोडाच घटतो.

प्रश्न : लिक्विड कूलरमधून गुळगुळ आवाज येतो. प्रोसेसर तापलेला, रेडिएटर मात्र गार!

उत्तर : पाणी फिरत नाहीये. आधी बायोसमध्ये पंपाचा वेग दिसतो का बघा. शून्य असेल तर त्याची वायर तपासा. वेग कमी-जास्त होत असेल तर पंप पंख्यासारखा तापमानाच्या हिशोबाने चालतोय, त्याला कायम पूर्ण वेगावर ठेवा. मग रेडिएटर बघा. तो पंपापेक्षा खाली असेल तर आतली हवा पंपात जमते, म्हणून त्याचं वरचं टोक पंपाच्या वर येईल असा बसवा. एवढं करूनही एक नळी गरम आणि दुसरी गारच राहिली, तर पंप गेला. वॉरंटीचा कागद शोधा.