नव्या स्पोर्ट्स कारचे ब्रेक आणि वळणे

गाडीबद्दल अभिनंदन! कन्नडचा घाट गाठण्याची घाई मात्र करू नका. आधी मोजक्याच गोष्टी अंगवळणी पाडा.

ब्रेक सरळ रस्त्यावरच पुरता लावावा आणि वेग उतरल्यावर स्टिअरिंग वळवावे, कारण टायरची पकड मर्यादित असते आणि थांबणे व वळणे या दोन्ही कामांत ती वाटली जाते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर सुमारे चौपट होते. समृद्धी महामार्गावरून खाली उतरताना, नजर वेगाला सरावलेली असल्याने, याचा हमखास विसर पडतो.

नवखे चालक चुकतात ते बहुधा वळणाच्या मध्यावर. घाबरून ॲक्सिलरेटर एकदम सोडला की भार पुढे सरकतो, मागची चाके हलकी होतात आणि गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो. पाय हळूहळू उचलावा, नजर वळणाच्या शेवटाकडे ठेवावी.

आणीबाणीत पेडल पायाखाली थरथरले तरी दाब सोडू नये. ते एबीएसचे, म्हणजे जोरात ब्रेक लावल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे, काम चालू असल्याचे लक्षण आहे. घसरू लागलेली गाडी सावरणाऱ्या स्थिरता नियंत्रणाचे बटण तर बंद करूच नका.

वळणात ब्रेक हलका धरून ठेवण्याचे तंत्र पुढे ट्रॅकवर शिकता येईल. तूर्त, उसाच्या हंगामात वळणापलीकडे दिव्याविना ट्रॉली उभी आहे असे धरूनच वेग ठरवा.