आवाजासाठी गाजलेला नट मूकपटात काय करतो?

प्रश्न : १९१३ चा मूक ‘हॅम्लेट’ बघितला. साठीचा माणूस तरुण राजपुत्र करतोय आणि आवाज तर ऐकूच येत नाही. मग फोर्ब्स-रॉबर्टसनचं एवढं नाव कशासाठी?

उत्तर : नाव झालं ते रंगभूमीवर, सिनेमा फार उशिरा आला. जॉन्स्टन फोर्ब्स-रॉबर्टसन खरं तर चित्रकार व्हायला निघालेला, रॉयल अ‍ॅकॅडमीत शिकला, पण पोटापाण्यासाठी नाटकात आला आणि सॅम्युअल फेल्प्ससारख्या जुन्या मुरलेल्या नटाकडे तयार झाला, शेक्सपिअरची ओळ अर्थासकट कशी म्हणायची ते तिथलं. १८९७ मध्ये लंडनच्या लायसियम थिएटरात हॅम्लेट केला तेव्हाच वय ४४ होतं, आणि लोक खुळावले ते त्या आवाजावर आणि संयमावर. नाटककार बर्नार्ड शॉने तर ‘सीझर अँड क्लिओपात्रा’ त्यालाच डोळ्यासमोर ठेवून लिहिलं!

१९१३ ला ड्रुरी लेन थिएटरात निरोपाचे प्रयोग झाले, त्याच वर्षी ‘सर’ किताब मिळाला आणि त्याच वर्षी ब्रिटिश निर्माता सेसिल हेपवर्थच्या कंपनीने हा सिनेमा काढला. वॉल्टन-ऑन-थेम्सचा स्टुडिओ, आणि डॉर्सेटच्या लुलवर्थ कोव्हला समुद्रकाठी चक्क एल्सिनोरच्या, म्हणजे नाटक जिथे घडतं त्या किल्ल्याचा सेट उभा केला. ऑफेलिया, म्हणजे हॅम्लेटची प्रेयसी, झालीय त्याची बायको गर्ट्रूड एलियट. म्हणजे निरोप घेणाऱ्या नटाचं काम जपून ठेवायचं होतं, वय लपवायचा प्रश्नच नव्हता.

आता परत बघाल तेव्हा ओठांकडे बघा. आवाज रेकॉर्ड होत नाहीये हे माहीत असून तो वाक्यं खरीखुरी म्हणतोय, त्यामुळे श्वास कुठे घेतला, कुठे थांबला, मान कुठल्या शब्दाला वळली हे सगळं दिसतं. मला तर ही फार मोठी गोष्ट वाटते. याच्या शेजारी त्याच काळातला दुसरा रंगभूमीचा नट, बीरबोम ट्री, याचा १८९९ चा मूकपट ‘किंग जॉन’ ठेवा, तोही शेक्सपिअरचाच, त्यातला राजाच्या मरणाचा छोटासा तुकडाच आज बघायला मिळतो, ट्री खुर्चीत नुसता तळमळतोय, हातपाय आवळतोय, मागच्या रांगेपर्यंत पोचवायची सवय. फोर्ब्स-रॉबर्टसन त्यामानाने किती शांत, बरंचसं काम डोळे आणि लांब बोटंच करतात.

नाटकाची संहिता मांडीवर घेऊन बघा, स्वगतं त्याच्या ओठांबरोबर मोठ्याने वाचा.