नाटक कुठे व्हायचं?

प्रश्न : जुन्या स्कॉटलंडमध्ये नाट्यगृहं नव्हती, मग नाटकं व्हायची कुठे? – एक वाचक, सांगली

उत्तर : शहरातच, उघड्यावर. आणि शहरच ती उभी करायचं. ॲबर्डीनच्या १४४२च्या नोंदीत कँडलमस या फेब्रुवारीतल्या ख्रिस्ती सणाच्या सोंगांची वाटणी आहे : रंगाऱ्यांनी सम्राट आणायचा, लोहारांनी तीन राजे, शिंप्यांनी मेरीमाता. ही यादी मी कितीदा वाचली असेल! दर वेळी एकेक आळी डोळ्यांपुढे उभी राहते.

१२ ऑगस्ट १५५४ला एडिंबरोत, कॅल्टन टेकडीखालच्या ग्रीनसाइडला, राज्य सांभाळणाऱ्या राजमाता मेरीसमोर डेव्हिड लिंडसे या कवीचं ‘तीन इस्टेटींचं प्रहसन’ झालं (इस्टेटी म्हणजे राज्यातले तीन वर्ग : पाद्री, सरदार आणि शहरी व्यापारी). मध्येच एक फाटका माणूस प्रेक्षकांतून आत घुसतो. बाप गेला, आई गेली, बायको गेली. दर मरणामागे पाद्र्यानं एकेक गाय नेली, घोडी जमीनदारानं. हा प्रवेश नाटकाच्या वर्गात वाचून दाखवताना आजही माझा आवाज जड होतो. राजमातेच्या कानांवर हे भर मैदानात घातलं, केवढी छाती!

लोककथांतला दरोडेखोर रॉबिन हूड याच्या सोंगांचे खेळ मात्र १५५५मध्ये कायद्यानं बंद झाले. तरी १५६१ला एडिंबरोत ते झाले, चांभाराच्या एका गड्याला फाशी सुनावली गेली. तेव्हा कारागिरांनी फाशीचा खांब मोडला आणि तुरुंग फोडून कैदी सोडवले.