कॅप्टन लक्ष्मी : 'सेनापती', 'सेनानायिका' की आणखी काही?

नागपूरच्या एका शिक्षिकेनं विचारलंय : शाळेच्या फलकावर 'लक्ष्मी सहगल १९४३ साली झाशीची राणी रेजिमेंटच्या सेनापती झाल्या' असं लिहिलं (ही रेजिमेंट म्हणजे आझाद हिंद फौजेतली स्त्रियांची पलटण), तर कुणी 'सेनानायिका' सुचवतं, कुणी 'सेनानी', एकानं तर 'कप्तानीण'! बरोबर काय?

'कप्तानीण' आधी बाद करू. आपल्याकडे 'डॉक्टरीणबाई' म्हणजे स्वतः औषध देणारी, आणि तशा त्या होत्याच. मद्रासला १९३८ साली एमबीबीएस झाल्या, मग सिंगापुरात दवाखाना चालवला. पण अधिकाराच्या पदाला '-ईण' लागली की 'पाटलीण' आठवते, म्हणजे मान नवऱ्याच्या पदाचा. इथे तर घोटाळा ठरलेलाच, कारण त्यांचे पती प्रेमकुमार सहगलही आझाद हिंद फौजेतले अधिकारी, लाल किल्ल्याच्या खटल्यातले आरोपी. आणि हे लग्न १९४७ चं! तेव्हा १९४३ च्या वाक्यात 'लक्ष्मी स्वामिनाथन' लिहा. शब्दापेक्षा ही दुरुस्ती जास्त गरजेची.

'सेनानायिका' व्याकरणात बसतो, पण मला त्यात संगीत नाटकाचा पडदा दिसतो. 'सेनानी' मुळात सैन्याचं नेतृत्व करणारा. पण 'स्वातंत्र्यसेनानी'नं तो इतका सैल केलाय की हुकूम देणारी आणि हुकूम पाळणारी यांतला फरकच उरत नाही.

राहिला 'सेनापती'. स्त्रीला चालेल का, ही शंका नको. अमरावतीच्या सूनबाई प्रतिभाताई पाटील २००७ साली 'राष्ट्रपती' झाल्या, तेव्हा या '-पती'वर भरपूर काथ्याकूट झाला आणि शेवटी 'राष्ट्रपती झाल्या' हेच रुळलं. (याच पदासाठी २००२ साली कॅप्टन लक्ष्मी कलामांविरुद्ध उभ्या होत्या.) मराठीत पद तसंच राहतं, बाईपण क्रियापद सांगतं.

अडचण आहे ती अर्थाची. सेनापती अख्ख्या फौजेचा, आणि ते सुभाषबाबू होते. कॅप्टन लक्ष्मींकडे होती एक रेजिमेंट, बहुतांश मलायातल्या तमिळ मुलींची. मळ्यांत राबणाऱ्या, भारत कधी न पाहिलेल्या, आणि भरती झाल्यावर प्रत्येकीला म्हणायचे 'राणी'. म्हणून साधं 'प्रमुख' लिहा.

पुढे त्या लेफ्टनंट कर्नल झाल्या, पण लोकांच्या तोंडी 'कॅप्टन'च राहिलं. फलकावर तेही राहू द्या. फक्त 'होती' नको, 'होत्या'च हवं. झाशीच्या राणीला आपण लाडानं एकेरी बोलावतो, २०१२ पर्यंत हयात असलेल्या बाईंना नाही.