मॉडेल उघडण्याआधी

ऐरोली, नवी मुंबई

प्रिय,

चिलीतल्या तांब्याच्या खाणीच्या संगणकी मॉडेलचं काम तुझ्या टेबलावर आलं म्हणे. अभिनंदन! सॉफ्टवेअरची धास्ती नको, ते महिन्याभरात हाताला बसेल. घोळ होतो तो दोन देशांच्या आकडे लिहायच्या रीतींत.

बोअरहोलच्या, म्हणजे तपासणीसाठी खडकात पाडलेल्या भोकांच्या, चारही फायली माग: कॉलर (भोकाच्या तोंडाची जागा), सर्व्हे (भोकाची दिशा आणि कोन), लॅबचे निकाल आणि खडकाची नोंद. एक्सेलमध्ये थेट डबल-क्लिक करून उघडू नकोस. तिकडे दशांशाला स्वल्पविराम लावतात. त्यांचा ‘1,250’ म्हणजे सव्वा टक्का तांबं. तुझं मशीन ते बाराशे पन्नास वाचेल.

मग कोऑर्डिनेट. जगाचे उभे पट्टे पाडणाऱ्या यूटीएम पद्धतीत ही जागा भाग 19 दक्षिण. चुकून उत्तर निवडलंस तर भोकं कॅनडातल्या बॅफिन बेटाकडे जातात, आणि ते लगेच दिसतं. जुनी नोंद पीसॅड-56 या डेटमवर (कोऑर्डिनेट ज्या आधारावर मोजतात तो) आणि नवी डब्ल्यूजीएस-84 वर असेल, तर फरक काहीशे मीटरचाच पडतो. भोक खाणीच्या हद्दीतच राहतं, कुणाला शंकाही येत नाही. म्हणून प्रत्येक भोकासमोर कुठला डेटम ते लिहून घे.

भोकाच्या कोनाचंही तसंच. डेटामाइन या सॉफ्टवेअरमध्ये खाली जाणारा कोन धन, सरपॅक या दुसऱ्यात ऋण. चिन्ह उलटलं की भोक आकाशात. लॅबच्या फाइलीत -0.01 दिसलं तर त्याचा अर्थ बहुधा ‘मोजता येण्याच्या मर्यादेखाली’. त्याजागी सहसा मर्यादेच्या निम्मं, 0.005, धरतात. -99 म्हणजे नमुनाच नाही. तिथे आपल्या मनाने शून्य भरू नकोस. कोअर (भोकातून काढलेला खडकाचा दांडा) हरवला, की खडक निरुपयोगी म्हणून तपासलाच नाही, हे तिथल्या भूवैज्ञानिकालाच विचार.

सगळ्यात लबाड चूक ब्लॉक मॉडेलच्या, म्हणजे खाणीचे ठोकळे पाडून केलेल्या मॉडेलच्या, आरंभबिंदूची. एक पॅकेज ब्लॉकचा कोपरा धरतं, दुसरं मध्य. 10×10×5 मीटरचा ब्लॉक असेल तर मॉडेल 5, 5 आणि अडीच मीटर सरकतं. एकूण टन तेच, सरासरी ग्रेड (तांब्याचं प्रमाण) तीच, त्यामुळे बेरजेत काही सापडत नाही. फिरवलेल्या मॉडेलमध्ये तर कोन घड्याळाच्या दिशेने मोजला की उलट, हाही प्रश्न. पाच ओळखीच्या भोकांचे छेद काढ आणि ब्लॉकची ग्रेड शेजारच्या नमुन्याशी ताडून बघ.

फोन संध्याकाळी साडेसहाला लाव; तिकडे ऋतूप्रमाणे सकाळचे नऊ किंवा दहा असतात. (लोकल चुकेल, इलाज नाही.) आकडे मात्र फोनवर घेऊ नकोस. छेदांची चित्रं भोकांच्या नावांसकट पाठव, त्यांच्या भूवैज्ञानिकाची लेखी संमती घे, मगच क्रिगिंग (नमुन्यांवरून ब्लॉकच्या ग्रेडचा अंदाज काढायचं गणित) चालव.

आशीर्वाद.